बंदूक काढायची आमच्या घरची रीत

बायकोचा हेअर ड्रायर पायजम्यात खोचताना त्याची वायर कुठे जाते हे मी बघायला हवं होतं. बघितलं नाही. समोर मुलगी मोबाइल धरून उभी होती. "बाबा, अब निकालो. एकदम फास्ट," ती म्हणाली, आणि मी कमरेचं पिस्तूल उपसावं तसा ड्रायर उपसला. वायर नाडीत अडकलेली होती. ड्रायर वर आला, पायजमा खाली गेला, आणि तो सावरायला वाकलो तो थेट शोकेसच्या काचेत कपाळ घालून थांबलो. काच फुटली. भुवईवरून रक्त डोळ्यात उतरलं. मुलीने मोबाइल काही बंद केला नाही.

ही स्वयंपाकघरातून धावत आली. तिने आधी रक्त बघितलं, मग पायजमा. "आधी नाडी बांधा, मग मरा," म्हणाली आणि हळद आणायला गेली.

ही सगळी कवायत कशासाठी होती ते सांगतो. मी रांझीकडच्या एका कारखान्यात बंदुका तपासतो. अगदी शेवटच्या टेबलावर माझी जागा. जन्मभर हातातून बंदुकाच गेल्या, पण एकही कधी कोणावर रोखली नाही. मदन महल भागातल्या घरून स्कूटरने जायचं, बंदुका बघायच्या, परत येताना भाजी आणायची. एवढंच माझं शौर्य.

मुलगी एम.कॉम. झालेली. बँकेच्या परीक्षा देते. लेखी पास होते, मुलाखतीत मात्र समोरच्या पाच माणसांपुढे तोंड उघडत नाही. घरी पाहुणे आले की चहा ठेवते आणि आत जाते. मीही एखादी गोष्ट चारदा विचारली की एकदा मान हलवते. आणि एका दुपारी तिच्या खोलीतून आवाज आला, "गाड़ी से उतर! हाथ ऊपर! मैंने बोला ना, ऊपर!" मला वाटलं घरात कोणी पोलिसीण घुसली. दार उघडलं तर मुलगीच कानाला हेडफोन लावून बसलेली, आणि पडद्यावर एक इन्स्पेक्टर बाई एका माणसाचं डोकं बोनेटवर आपटत होती. एकदा, दोनदा. बोनेटला पोचा पडला. माणसाचे दात सांडले.

"काय करून राहिली तू हे?"

"ड्यूटी," ती म्हणाली.

कॉम्प्युटरमधलं ते एक खोटं शहर आहे. देशभरातले लोक तिथे येतात, प्रत्येकाने एक माणूस व्हायचं, त्याच्या तोंडाने बोलायचं, त्याचंच आयुष्य जगायचं. कोणी टॅक्सी चालवतो, कोणी डॉक्टर आहे, आणि बाकी बहुतेक गुंड. आमची मुलगी तिथे इन्स्पेक्टर. कॉलेजात असल्यापासून. साधी गोळी लागली तर दवाखान्यात नेतात, माणूस पुन्हा उभा राहतो. पण एखाद्या टोळीने उघड वैर जाहीर केलं आणि त्यात तुम्ही मेलात, की तो माणूस कायमचा पुसला जातो. नाव, वर्दी, आवाज, सगळं. नवा घेऊन या, पण तो परत नाही.

आणि आमच्या इन्स्पेक्टर बाईंशी तसं वैर जाहीर झालं होतं. पेट्रोल पंपावर तिने एका टोळीवाल्याच्या भावाला मारलं होतं. मला हे पोहे खाताना कळलं.

"कुठे मारलीस गोळी?" मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"गळ्यात. ओरडून बाकीच्यांना बोलवायला नको म्हणून." आणि तिने पोह्यांवर लिंबू पिळलं.

त्या दिवसापासून मी तिच्या दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचू लागलो. बायको म्हणायची, पेपर उलटा आहे. असेल. मला तो आवाज ऐकायचा असे. न अडखळणारा, न घाबरणारा, माझ्याच मुलीच्या गळ्यातून निघणारा. ती बाई मेली तर तो आवाज कुठे जाईल, हे कोणाला माहीत होतं?

तर ते ड्रायरचं. त्या शहरात माणूस बंदूक कशी काढतो, कशी धरतो, कशी परत खोचतो, ती हालचाल ज्याची त्याने ठरवायची असते. आयती मिळते ती सगळ्यांची एकसारखी. शौकीन लोक आपली वेगळी लावून घेतात. कोणी पिस्तूल बोटावर फिरवून काढतो, कोणी रायफल मानेवर आडवी टाकून कावडीसारखी नेतो, आणि तो टोळीवाला कुऱ्हाड खांद्यावर घेऊन तिचं पातं गालाला घासत चालायचा. मुलगी अशा हालचाली बनवते. खऱ्या माणसाचा व्हिडिओ काढायचा आणि त्यावरून पडद्यावरच्या बाहुल्याचं एकेक हाड हलवायचं. लोकांना पुष्कळ बनवून दिल्या होत्या. स्वतःच्या बाईसाठी मात्र तिला माझे हात हवे होते.

"काहून माझे?"

"तुम्ही बंदूक धरता तेव्हा तुम्ही वेगळेच दिसता, बाबा."

आता यावर कोणता बाप नाही म्हणेल? कपाळावर पट्टी लावून मी पुन्हा उभा राहिलो, या वेळी वायर गुंडाळून. आणि शेवटच्या टेबलावर जे करतो तेच केलं. पिस्तूल काढायचं. नळी जमिनीकडे. बोट चापाच्या बाहेर. वरची सरकती स्लाइड मागे ओढायची, मान वाकवून आत बघायचं, गोळी आहे की नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी. मग स्लाइड सोडायची. मग वर बघायचं.

मुलीने व्हिडिओ बघितला. "मस्त आहे. पण हे आत बघायचं काढून टाकू का? लंबा हो रहा है."

"नाही."

"बाबा, तिथे हालचाल पूर्ण झाल्याशिवाय गोळी सुटत नाही. एक छोटी बनवते ना, लढाईसाठी वेगळी."

"न बघता बंदूक हातात घ्यायचीच नाही," मी म्हणालो. "माझे हात वापरायचे असतील तर अख्खे वापर."

माझ्या या हट्टामागे पाटणचं एक लग्न आहे. आमच्या ओळखीतलं, मी वरातीत होतो. नवऱ्या मुलाचा काका दुनळी बंदूक घेऊन नाचत होता. दमला, "खाली है, खाली है," म्हणत त्याने ती खुर्चीला टेकवली, आणि ती उडाली. कढईपाशी बसलेल्या हलवायाची मांडी उघडी पडली. आतलं पांढरं हाड मला दिसलं. रक्त उसळून कढईत गेलं आणि तेल तडतडायला लागलं. तो ओरडलासुद्धा नाही. झारा हातात धरून नुसता कढईकडे बघत राहिला. बँड वाजतच होता, कारण बँडवाल्यांना वाटलं हीपण खुशीचीच गोळी. मी माझ्या उपरण्याने त्याची मांडी आवळली, ते उपरणं पिळता येईल इतकं भिजलं. माणूस वाचला, पाय गेला. तेव्हापासून कोणी "खाली है" म्हटलं की माझा हात आपोआप स्लाइडकडे जातो. खेळण्यातलं पिस्तूल असलं तरी. पाहुण्यांची मुलं हसतात.

मुलीला ही गोष्ट माहीत होती. तिने अख्खी हालचाल बसवली, माझ्या अंगठ्याच्या वाकडेपणासकट.

आणि त्या शहरात ती गाजली हो! नाक्यावर गाडी अडवायची, पिस्तूल काढायचं, शांतपणे आत बघायचं, मग वर बघायचं. समोरचे गुंड गप्प व्हायचे. एक जण म्हणाला, "मॅडम देखती हैं तो लगता है गोली पे मेरा नाम पढ़ रही हैं." मी दाराबाहेर पेपर धरून फुगत होतो. कारखान्यात दोघांना सांगितलंही. त्यांना काही कळलं नाही.

मग तो रविवार आला. जेवणं झाली होती. मुलीने मला आत बोलावलं. "बाबा, बसा. आज वो आएगा."

शहराबाहेर एक बंद पडलेला बर्फाचा कारखाना होता, तिथे तो कुऱ्हाडवाला आला. मुलीचा हवालदार आधी आत गेला, आणि आम्ही पोचलो तोवर तो दाराशीच पडला होता. कुऱ्हाड खांद्यातून छातीपर्यंत उतरलेली, एक हात धडापासून लोंबत होता. बर्फावरून रक्ताचा फराटा आत गेला होता. मुलगी त्या फराट्याच्या बाजूने चालत गेली. आत तो एकटा. हातात कुऱ्हाड, पिस्तूल पाठीमागे पट्ट्यात. मधे चांगलं अंतर होतं. बंदूक असलेल्या माणसाने हरावं असं काहीच नव्हतं.

"कुल्हाड़ी नीचे!" मुलगी गरजली.

तो पळत आला. मुलीने बटण दाबलं.

पडद्यावर माझे हात हलले. पिस्तूल निघालं. नळी जमिनीकडे गेली. स्लाइड मागे आली. आणि इन्स्पेक्टर बाईंनी, समोरून कुऱ्हाड येत असताना, मान वाकवून आत बघितलं.

पहिला घाव गळ्याच्या हाडावर बसला. मुलगी बटण दाबत होती, दाबत होती, गोळी सुटेना, कारण माझी तपासणी अजून संपली नव्हती. दुसरा घाव कोपरावर. माझा वाकडा अंगठा पिस्तुलासकट बर्फावर जाऊन पडला. मी उभा राहिलो होतो. "मार! मार त्याला! तोडून टाक हरामखोराला!" हे मीच ओरडत होतो. जन्मभर नळी जमिनीकडे धरणारा मी. तो पडद्याबाहेर असता तर मी हातांनी त्याचा गळा दाबला असता, खोटं नाही सांगत. बाई गुडघ्यांवर आली. त्याने केस धरून तिचं तोंड वर केलं, पाठीमागचं पिस्तूल काढलं आणि तोंडात झाडलं. मागचा बर्फ लाल झाला. मग ती पडल्यावर त्याने तिला आणखी लाथा घातल्या.

पडदा करडा झाला. हेडफोनमधून बारीक आवाज आला, तोच खुनी, अगदी घरगुती सुरात. "दीदी? आप ठीक हो ना? सॉरी हाँ. आपने गन में देखा काहे को?"

मुलीने हेडफोन काढून ठेवले.

मला काहीतरी बोलायलाच हवं होतं का? पण बोललो. "अच्छा, चलो, दुसरी बनव ना. अशीच."

ती झटक्यात उठली आणि खुर्ची मागच्या भिंतीवर आदळली.

"अशीच? तुमच्या टेबलावर कोणी कुऱ्हाड घेऊन येतं का, बाबा? तिथे चहा येतो! मी म्हटलं होतं, छोटी बनवू द्या. म्हटलं होतं की नाही?"

"हो, पण ते लग्नातलं..."

"त्या हलवायाला कोणी मारायला नव्हतं आलं! मला आलं होतं! म्हटलं होतं की नाही, बोला!"

"म्हटलं होतं."

"ज़ोर से!"

"म्हटलं होतं!"

"इतकी वर्षं सांभाळली मी तिला. तुम्ही मारलं. त्याने नाही, तुम्ही. तुमच्या हातांनी. आणि हात काहून वर केलेत? खाली करा!"

माझे हात खरंच वर गेले होते. खाली केले. ती मला ओलांडून जिन्याने गच्चीवर गेली. गच्चीचं दार असं आपटलं की शेजारच्यांचा कुत्रा भुंकायला लागला.

ही दाराशी उभी होती, पदराला हात पुसत. किती वेळ उभी होती कोण जाणे. मी म्हणालो, "मेली गं ती. इन्स्पेक्टर. माझ्यामुळे मेली."

ही जिन्याकडे बघत म्हणाली, "मेली कुठे? आत्ता माझ्या समोर तुमची धुलाई करून गच्चीवर गेली. जा, चहाला बोलवा तिला. आणि खालूनच हाक मारा. ती आता झाडायच्या आधी आत बघत बसणार नाही."