पाडव्याला लागून आलेली ईद

आईबद्दल लिहायला बसलो की मला अपराध्यासारखं वाटतं. ती असती तर म्हणाली असती, "घरातलं चार लोकांत कशापायी सांगतोस?" तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिच्याबद्दल मी काय लिहिलं हे तिला कधीच कळणार नव्हतं, आणि त्याचंच मला जास्त ओझं वाटतं. तरीही लिहितो, कारण त्या दिवशी तिनं जे केलं ते तिच्याइतक्याच अवघड जागी मी असतो तर मला जमलं नसतं.

मी पुण्याला कॉलेजात होतो. वसतिगृहात माझ्या खोलीत मॉरिशसचा एक मुलगा राहायचा. त्याचा पणजोबा कोकणातून ऊस तोडायला म्हणून त्या बेटावर गेला, तो तिकडचाच झाला. बेट तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होतं. हा मुलगा मराठी शिकला ती आजोबांच्या पोथ्यांवरून, त्यामुळे त्याचं बोलणं ऐकून लोक गंभीर व्हायचे आणि मग हसायचे. त्या वर्षी पाडवा आणि ईद लागून येणार असं दिसत होतं, कॉलेजला सुट्टी होती, म्हणून मी त्याला आमच्या गावी घेऊन आलो. आमचं गाव उरवड्याच्या बाजूला. पिरंगुटला एसटीतून उतरून पुढं चालत जायचं.

पहिल्याच जेवणाला तो आईला म्हणाला, "माते, हे अन्न परम रुचकर आहे."

आई माझ्याकडं वळून म्हणाली, "ह्यो कीर्तनकार हाय का काय रं?"

पण तिला तो आवडला. तो चुलीशी बसून तिकडच्या गोष्टी सांगायचा. त्याच्या गल्लीत चिनी दुकानदार, मुसलमान शिंपी, तमिळ कुटुंब आणि चर्चला जाणारे लोक असे सगळे राहायचे. चिन्यांच्या नव्या वर्षाला फटाके सगळे वाजवत. नाताळात केक सगळ्यांच्या घरी येई. गणपती समुद्राला न्यायचा तेव्हा गाडा ओढायला चिनी दुकानदाराची मुलंही येत. "आमुच्या येथे," तो म्हणाला, "सणाचे पहिले ताट शेजाऱ्याचे. त्यानंतर आपण भोजन करतो."

"सोवळंओवळं काय न्हाईच व्हय?" आईनं विचारलं.

त्याला तो शब्द माहीत होता, अर्थ माहीत नव्हता.

आमच्या परसाला लागून एक मुसलमान घर होतं. नवरा शिवणकाम करायचा, बायकोला आम्ही भाभी म्हणायचो. तीही आमच्यासारखीच बोलायची. आईचं आणि तिचं सख्य माझ्या जन्माआधीपासूनचं. दुपारी दोघी परसात बसून गहू निवडायच्या, गावभरच्या सुनांच्या कागाळ्या करायच्या. पण देणंघेणं फक्त कोरड्या शिध्याचं. पाडव्याला आमच्याकडून हरभऱ्याची डाळ, गूळ आणि कणीक तिकडं जायची, ईदेला तिकडून शेवया, साखर, खारीक आणि नारळ यायचा. आमच्या डाळीचं पुरण भाभी आपल्या चुलीवर शिजवायची, तिच्या शेवयांची खीर आई आमच्या चुलीवर. शिजवलेला घास इकडून तिकडं कधी गेला नव्हता. यात कुणाला कुणाचा राग नव्हता. भाभीच म्हणायची, "ज्याची चूल त्याला बरी."

पाडव्याला सकाळी शिध्याचं ताट पाहुण्यानं पोहोचवलं. परत येऊन त्यानं मला हळूच विचारलं, "तुमच्याकडे सरपण कमी आहे का? कच्चेच का देता?" मी हसून विषय टाळला. तेव्हाच नीट सांगायला हवं होतं, पण सांगायचं काय, हेच मला उमजत नव्हतं. मी स्वतः भाभीच्या घरी लहानपणापासून जात होतो, तिच्या ओट्यावर अभ्यास करत होतो, आणि तिथं पाण्याशिवाय काही तोंडात घातलं नव्हतं.

संध्याकाळी आई गुढी उतरवत होती आणि त्याच वेळी भाभीच्या घरची माणसं खळ्यावर उभी राहून चंद्र शोधत होती. तो पाहुण्याला आधी दिसला. नखाएवढी कोर होती. तो इतका मोठ्यानं ओरडला की आईच्या हातून गुढीचा तांब्या पडता पडता राहिला.

दुसऱ्या दिवशी ईद. भाभीचा नवरा नमाजाला पौडला गेला होता. दरवर्षीप्रमाणे आईनं पहाटेच आमच्या म्हशीचं निरसं दूध तिकडं पाठवलं होतं. पाहुणा आंघोळ करून भाभीला मुबारक म्हणायला गेला, तो बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याच्या हातात झाकण घातलेलं पातेलं होतं, खालून गरम लागत होतं म्हणून पंच्यात धरलेलं. तो सरळ स्वयंपाकघरात गेला आणि त्यानं ते चुलीच्या कडेला, आईच्या पिठाच्या डब्याशेजारी ठेवलं.

"शेजारणीने दिले नाही," तो आनंदानं म्हणाला. "मीच मागून आणले. पहिले ताट तुमचे."

झाकण बाजूला केलं. शिरखुर्मा. वर साय धरलेली.

आईनं पिठाचा डबा उचलून पलीकडं ठेवला. मग म्हणाली, "आज शनवार हाय. माझा उपास."

"मग सायंकाळी पारणे करावे," पाहुणा म्हणाला.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. ते पातेलं तसंच राहिलं. आई त्याच्या बाजूनं वळसा घालून जायची यायची.

दुपारी भाभी मागच्या दारानं आली. डोक्यावर नवा पदर, पण चेहरा उतरलेला. "वहिनी, पोरानं न्हेलं, म्या न्हाई धाडलं. माझ्या जिवाला घोर लागलाय. द्या हिकडं, म्या परसात वतून टाकते आन् भांडं घिऊन जाते."

"वतायला काय झालं?"

"ह्यांना कळलंय. नमाजावनं आले आन् इचारलं पातेलं कुटं. म्हनत्यात, भरलेलं माघारी आलं तर पुढल्या सालापासनं देनंबी बंद, घेनंबी बंद. तुमचा शिधा उंबऱ्याच्या आत न्हाई घ्यायचा." तिचा आवाज बसला. "रिकामं न्हेते. खाल्लं म्हनून सांगते."

भाभीनं आईला वाट काढून दिली होती. एक शब्द बोलायचा की सगळं मिटलं असतं. पाहुणा दारात उभा होता. आपण काय केलं ते आता त्याला समजलं होतं, आणि पोथीतले सगळे शब्द त्याला सोडून गेले होते.

"ईदेचं अन्न आन् तू उकिरड्यावर वतनार?" आई म्हणाली.

"मग काय करू?"

"घरी जा. कामाला लाग."

"आन् भांडं?"

"भांडं माझ्या घरात हाय न्हवं? मग मी बघते."

भाभी गेली. दिवेलागणीला आईनं देवापुढं दिवा लावला, पाटावर बसली, आणि वाटीत थोडं ओतून घेतलं. आमच्याकडं पाठ करून. मला फक्त तिचा खांदा हललेला दिसला. पहिला घास घेतल्यावर ती इतका वेळ तशीच थांबली की मला वाटलं, आता उठून मोरीशी जाईल. पण तिनं दुसरा घास घेतला. वाटी संपवली. मग पातेलं आमच्यापुढं सरकवलं.

"खावा. आन् तूबी खा. कालेजात शिकतुयास न्हवं?" हे मला.

मी खाल्लं. ते चांगलं होतं की नाही हे मला आजही सांगता येणार नाही, इतकी मला लाज वाटत होती.

तिनं पातेलं राखेनं स्वतः घासलं, त्यात कालच्या चार पुरणपोळ्या ठेवल्या, शिजवलेल्या, आणि पाहुण्याबरोबर पाठवलं. भाभीच्या नवऱ्यानं दारातच विचारलं, "कोनी खाल्लं?" पाहुण्यानं सांगितलं, "मातेने." तो माणूस पातेलं हातात घेऊन आत गेला. पोळ्या त्यांनी खाल्ल्या की नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आईनं विचारलंही नाही.

यातून फार मोठं काही बदललं असं मी म्हणणार नाही. पुढच्या वर्षी पाडव्याला कोरडाच शिधा गेला, ईदेला शेवया आणि साखरच आली. आई तिच्या इतर नेमांतून तसूभरही हलली नाही. पण ईदेच्या शिध्याबरोबर शिरखुर्म्याची, झाकण घातलेली एक छोटी वाटी तेवढी येऊ लागली. तिच्याबद्दल दोन्ही घरांत कुणी काही बोलत नसे.

पुढं एका ईदेला मी घरी होतो. आई परसात भांडी घासत होती, भाभी पलीकडं कपडे वाळत घालत होती.

"भाभे, औंदा साखर लई घातलीस गं!"

"मग खाताय कशाला, वहिनी? ठिवा की तसंच!"

"तसंच ठिवू? दूध माझ्या म्हशीचं हाय!"

दोघी हसल्या, आणि भाभी उरलेले कपडे वाळत घालू लागली.