सेवेरोकाकांचे हात कोणी पाहिले?

ला पाझमधल्या आमच्या चिखिनी वस्तीच्या चढावर कोणालाही विचारा, सेवेरो कायिसाया कोण, तर उत्तर ठरलेलं. "तो होय, कोंबडीवाला! वजनमापाच्या ऑफिसात होता. एका बाईकडून कोंबडी घेतली आणि तिच्या खोट्या तराजूवर शिक्का मारला. साहेबांनी त्याच दिवशी हाकलला." कोपऱ्यावरची पाववाली तर कोंबडीचा रंगसुद्धा सांगते. काळी होती म्हणे, आणि गळ्याला पिसं नव्हती.

मी त्यांच्या शेजारची, म्हणून सांगते: कोंबडी खरी, गळाही खरा. बाकी सगळी थाप.

सेवेरोकाका रीतसर निवृत्त झाले. केक कापला गेला आणि साहेबांनी भाषणात त्यांचं आडनाव चुकवलं. त्याच दुपारी बाजारातल्या बटाटेवाल्या बायकांनी वर्गणी काढून त्यांना ती जिवंत कोंबडी दिली. काकांनी ती हातात घेण्याआधी मागे वळून साहेबांना विचारलं, "आता घेतली तर चालेल ना? की उद्यापासून?" साहेब म्हणाले, "अहो, घ्या हो!" मग ती मिनीबसमध्ये पोत्यात, काकांच्या मांडीवर बसून घरी आली. इलारियाकाकूंनी तिचं नाव 'साहेब' ठेवल्यामुळे तिला कापायची कोणाची हिंमत झाली नाही. एकही अंडं न देता ती म्हातारी होऊन मेली.

तर असा हा माणूस. आयुष्यभर पितळी वजनांची पेटी खांद्याला लावून ला पाझचे बाजार पालथे घातले. तराजू तपासायचा, बरोबर असला तर पक्कडीने शिशाचा शिक्का दाबायचा, पुढच्या गाड्यावर जायचं. बायका टोमणे मारायच्या, "माझं वजन बघा की हो! नवरा म्हणतो, वाढलंय." काका पेटी बंद करत, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता म्हणायचे, "आधी नवऱ्याचा काटा तपासू. बिघाड तिथे असेल." मग अख्खी रांग खिदळायची आणि काका पुढे गेलेले असायचे.

घरी मात्र खऱ्याखोट्याचा विषय निघाला की काका गंभीर व्हायचे. कुठली गोष्ट कधी खरी धरायची, याचा प्रत्येक दाराशी वेगळा कायदा, असं त्यांचं म्हणणं. भाचा शेजारच्या देशातून गुरांचा डॉक्टर होऊन आला, तर इथलं विद्यापीठ त्याला म्हणतं, परत परीक्षा दे. "तिकडची गाय आणि इकडची गाय वेगळी असते काय?" काका विचारायचे. काकू लगेच, "आणि तुमचं काय? माझ्या आईने तुम्हाला जावई कधी मानलं? चर्चमध्ये पाद्री बोलला तेव्हा नाही, कचेरीत सही झाली तेव्हाही नाही. तिच्या हातच्या तिखट फ्रिकासे रश्श्याची दोन ताटं संपवून तिसरं मागितलंत, तेव्हा!"

"तिसरं मी मागितलं नव्हतं. तिने वाढलं."

"तेच ते. परीक्षा होती ती."

निवृत्तीनंतर काका चिमुकले तराजू बनवायला लागले. चोवीस जानेवारीच्या जत्रेत इथे सगळं जग बोटाएवढं विकायला येतं. घर, गाडी, पिठाचं पोतं, पदवी, पासपोर्ट. भर बारा वाजता ते कोणीतरी आपल्याला द्यायचं, यातिरीबाबाने, म्हणजे आमच्या मंत्र घालणाऱ्या पुजाऱ्याने, त्यावर धूर फिरवायचा, दारूचे थेंब शिंपडायचे, की वर्षभरात ते मोठं होऊन दारात येणार. स्वतःसाठी स्वतःच घेतलेलं लागू पडत नाही. दुसऱ्याच्याच हातून यावं लागतं.

काकांचा तराजू अंगठ्याच्या नखावर मावायचा, पण तो नुसता शोभेचा नव्हता. एका पारड्यात किन्व्याचा एक दाणा टाका, ते पारडं खाली. दुसऱ्यात दुसरा टाका, काटा मधे. काका श्वास रोखून बघत राहायचे आणि मग अशा आवाजात "बरोबर" म्हणायचे, की घरात कोणी जन्माला आल्यासारखं वाटावं.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. जत्रेत वरच्या अंगाला कारागिरांची रांग बसते आणि खाली, बादल्या नि प्लास्टिकच्या खेळण्यांच्या शेजारी, विकणाऱ्यांची. काकांना वरच्या रांगेत जागा हवी होती. धंदा खालीही तेवढाच होतो, हे त्यांना माहीत होतं. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या वस्तूंवर शिक्के मारलेल्या माणसाला वाटत होतं, एकदा तरी कोणीतरी आपल्या वस्तूकडे बघून म्हणावं, ही खरी, आणि ही याने केलेली.

वरच्या रांगेची रीत जुनी आहे. वस्तू कितीही सुबक असो, तिच्यावरून काही ठरत नाही. रांगेतल्याच कोणीतरी सभेत उभं राहून सांगावं लागतं, 'मी याचे हात पाहिले.' म्हणजे हा माणूस हे बनवत असताना मी समोर होतो. बस, एवढंच. कागद नाही, फी नाही.

काकांना त्याची चिंता नव्हती. कास्तो पोमा होता ना! कास्तो म्हणजे काकांच्या मुलीचा धर्मपिता. तेव्हापासून दोघं एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणतात, भावाहून जवळचे. वरच्या रांगेत त्याची वडिलांपासूनची जागा. मिशाळ, पाठीवर सगळा संसार लादलेल्या एकेको देवाच्या मूर्ती तो विकतो. रोज संध्याकाळी तो काकांकडे यायचा, ट्रंकेवर बसायचा, जांभळ्या मक्याचं गरम आपी फुरके मारत प्यायचा. आणि काकांना बारीक काम दिसावं म्हणून दिवा धरायचा.

"कोंपाद्रे, जरा डावीकडे."

"हे घ्या डावीकडे. राजाला एवढे नोकर नसतील."

"हलवू नका हो!"

"मी कुठे हलवतोय? आपी हलवतंय."

हा कास्तो बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी नाकातून 'म्‌हं' करतो, जणू आपण बोललेलं आपल्यालाच पटलं. कोंबडीची गोष्ट काकांनी त्याला याच ट्रंकेवर बसवून सांगितली होती. साहेब नाव ऐकून तो इतका हसला, की आपी नाकातून आलं.

चूक झाली ती एका संध्याकाळी. कास्तोने नवी मूर्ती आणून टेबलावर ठेवली. "बघा, यंदाचा माल. बोटं झिजली कोंपाद्रे, म्‌हं." काकांनी मूर्ती उचलली. जन्मभराची सवय, अंगठा आपोआप फिरायला लागला. टोपी, गाल, मग कानाच्या मागे. तिथे अंगठा थांबला. साच्याची दोन अर्धुकं जिथे जुळतात तिथे बारीकशी कड राहते, ती कानामागे लपवतात. म्हणजे मूर्ती हाताने घडवलेली नव्हती, सीमेपलीकडच्या कारखान्यातून पोत्यात भरून आलेली होती. कास्तोने केलं होतं ते एवढंच, की तिला मिशी रंगवली.

काकांनी अंगठा काढून घेतला. मूर्ती अलगद खाली ठेवली आणि म्हणाले, "मिशी छान जमलीये."

त्यांना वाटलं, आपण किती सभ्यपणे निभावून नेलं! पण कास्तोने अंगठा थांबलेला पाहिला होता. बाजारातला माणूस हे कधीच करणार नाही. तो एक तर मूर्तीला हातच लावणार नाही, किंवा सरळ शिवी घालून मोकळा होईल. अंगठा फिरवून वर कौतुक करणं हे फक्त ऑफिसात आयुष्य काढलेल्यालाच सुचतं.

कास्तो दुसऱ्या दिवशीही आला. दिवा धरला, आपी प्यायला, हसला. काकांनी मनात कसलाही संशय आणला नाही.

सभेच्या दुपारी इलारियाकाकूंनी ठेवणीतली शाल काढली. हॉल भरला होता. टेबलामागे तीन म्हातारे, समोर कापडावर कोकाची पानं. काकांनी तराजू ठेवला, किन्व्याचा दाणा टाकला. पारडं खाली गेलं, तशी पहिल्या ओळीत "आहा" झालं. मधला म्हातारा तोंडातली पानं एका गालात सारून म्हणाला, "वस्तू बघितली. हात कोणी पाहिले?"

"मी पाहिलेत!" काकू उठल्याच. "रोज पाहिलेत! जेवायला हाका मारून मारून घसा बसलाय माझा!"

"बायकोचं धरत नाहीत, बाई. रांगेतलं कोण?"

काकांनी मागे वळूनही पाहिलं नाही. त्यांना माहीत होतं, कोण उठणार. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कास्तो उभा राहिला, टोपी हातात.

"वस्तू सुंदर आहे," तो म्हणाला. "सेवेरो माझे कोंपाद्रे. माणूस सोन्यासारखा. पण करताना पाहिलं... असं छातीठोक नाही सांगता येणार. मी जातो ते गप्पा मारायला. म्‌हं."

काका आता वळले. कास्तो टोपीच्या आत बघत होता, जणू काही पुढचं तिथे लिहून ठेवलंय.

मागून कोणीतरी ओरडलं, "ऑफिसवाल्याला आणून वर बसवायचं, म्हणजे उद्या आपल्या सगळ्यांच्या मूर्तींचे कान तपासेल!" आणि दुसरा, "कोंबडी खाऊन शिक्के मारणारा! गळ्याला पिसं नसलेली कोंबडी!" हॉल हसला. बऱ्याच जणांचं हसू जरा जास्तच मोठं होतं, कारण सीमेपलीकडची पोती एकट्या कास्तोकडेच येत नव्हती.

काका हसणाऱ्यांकडे बघत नव्हते. गळ्याची पिसं ऐकून ते जागच्या जागी थांबले होते. ती कोंबडी पोत्यात, मान झाकून घरी आली होती, आणि मेली तोपर्यंत स्वयंपाकघरामागच्या अंगणातून बाहेर पडली नव्हती. देणाऱ्या बायका आणि साहेब यांना खरी गोष्ट माहीत होती; ते सोडले तर तिचा गळा पाहणारी बाहेरची माणसं दोनच. एक शेजारची मी. मी तर त्या कोंबडीची नुसती नक्कल करायचे, तिची गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. दुसरा ट्रंकेवर बसणारा.

काकांनी दाणा फुंकून टाकला, तराजू रुमालात गुंडाळला, टेबलामागच्यांना नमस्कार केला आणि निघाले. जिन्यात काकू रडवेल्या होऊन म्हणाल्या, "तोंडावर थुंकायचं होतं त्या खोटारड्याच्या!"

"खोटं कुठे बोलला?" काका म्हणाले. "छातीठोक सांगता येणार नाही म्हणाला. बरोबरच आहे. त्याला छाती कुठेय?"

काकू हसल्या आणि मग आणखी रडल्या. काका मात्र त्या विनोदावर स्वतः हसले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी ट्रंक भिंतीकडे तोंड करून फिरवून ठेवली. ट्रंकेला तोंड असतं का, म्हणून काकूंनी विचारलं, तर म्हणाले, "असतं." त्या हिवाळ्यात कोणी दार वाजवलं की ते हातातलं काम टाकून कान द्यायचे, आणि मग पाववालीचा आवाज आला की परत खाली मान घालायचे. कास्तो आला नाही. आला असता तर काकांनी दार उघडलं असतं की नाही, हे त्यांनाही माहीत नव्हतं, आणि हेच त्यांना सगळ्यात जास्त खात होतं.

चोवीस जानेवारीला काका खालच्या रांगेत बसले, एका बाजूला बादल्या, दुसऱ्या बाजूला खेळण्यातल्या मोटारी. मी मदतीच्या नावाखाली शेजारी बसून कास्तोची नक्कल करत होते. "वस्तू सुंदर आहे, म्‌हं. माणूस सोन्यासारखा, म्‌हं." मोटारवाला पोट धरून हसत होता. काका तराजूंची पारडी पुसत म्हणाले, "येईल तो आज."

"इथे? खालच्या रांगेत? तुमच्यासमोर? शक्यच नाही!"

"बाराच्या धुरात येईल. माझ्यासाठी काहीतरी चिमुकलं घेऊन. त्या वेळी दिलेल्याला नाही म्हणता येत नाही, हे त्याला माहितीये. गळ्यात पडेल. रडेल."

"रडेल? तो? लावा पैज!"

"लावली. हरलीस तर कार्नावालच्या सणापर्यंत त्याची नक्कल बंद. एक 'म्‌हं'सुद्धा नाही."

मी हात पुढे केला. माझ्याकडची ती सगळ्यात चांगली नक्कल, पण मला खात्री होती. एवढी लाज प्रत्येकाला असतेच.

बारा वाजले. घंटा, फटाके, यातिरीबाबांचा धूर इतका, की पलीकडच्या बादल्या दिसेनात. आणि त्या धुरातून, केसांत कागदाचे रंगीत तुकडे अडकलेला कास्तो आला. त्याने काकांच्या तळहातावर नखाएवढं काहीतरी ठेवलं. वरच्या रांगेचं ओळखपत्र, चिमुकलं, जत्रेतल्या खोट्याखोट्या नोटरीचा शिक्का मारलेलं. "पुढच्या वर्षी खरं होईल, कोंपाद्रे," म्हणाला आणि काकांच्या गळ्यात पडला.

काकांचे हात खालीच होते. ओळखपत्र त्यांनी मुठीत घेतलं, टाकलं नाही. त्याच्या खांद्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी नीट ऐकत होते. खोटं रडणं मला लांबून कळतं, मी स्वतः ते रोज करते. श्वास चुकीच्या जागी तुटतो, नाक कोरडं राहतं. कास्तोचं नाक वाहत होतं. तो खरोखर रडत होता, हुंदके देऊन, लहान पोरासारखा. खोटं निघालं असतं तर आम्हा सगळ्यांना किती सोपं गेलं असतं.

"मग?" काकांनी मला विचारलं.

"हरले," मी म्हटलं. कार्नावाल त्या वर्षी उशिरा होता.