साहेबांची गाडी आणि माझी सही

निसर्गसंवर्धन शिकायला चेन्नईत आले, तेव्हा वाटलं होतं वह्या भरतील. भरले ते किस्से! नोकरी लागलेली मंडळी ते हसत सांगतात. मी मात्र सांगता सांगता दर दहा मिनिटांनी मेल बघते.

* * *

पहिलंच लेक्चर जलसंवर्धनाचं. सर अगदी रंगात आले होते आणि तेवढ्यात हॉस्टेलच्या दारात टँकरचा हॉर्न वाजला. अख्खा वर्ग बादल्यांकडे पळाला.

मी घाबरत सरांकडे बघितलं. तेही खडू ठेवून म्हणाले, "जा, जा! आधी भरून घ्या, मग वाचवू!"

* * *

पेरुंगुडीला तळ्याकाठी मी आणि सावित्री दुर्बिणी लावून उभ्या. सावित्री तंजावरकडची मराठी, माझी वर्गमैत्रीण. समोरच्या सोसायटीचे सेक्रेटरी तणतणत खाली आले. "काय बघताय आमच्या बाल्कन्यांत?"

सावित्रीने तमिळमध्ये शांतपणे सांगितलं, की आम्ही पेलिकन मोजतोय.

सेक्रेटरींनी वही काढली. "कुठल्या ब्लॉकचे?"

* * *

याच सावित्रीला बघायला पाहुणे आले. मुलाच्या आईने कॉफी खाली ठेवत विचारलं, "मुलगी साप धरते म्हणे?"

सावित्रीच म्हणाली, "अय्यो मामी, धरते, पण लगेच सोडून देते!"

स्थळ काही पुढे सरकलं नाही. सावित्री आठवडाभर खुशीत होती.

* * *

मी राहते दादाकडे, शोळिंगनल्लूरला. तो आयटीत. शेजाऱ्यांनी माझं विचारलं की म्हणतो, "ती डेटामध्ये आहे." बेडकांचा डेटा, हे सांगत नाही!

एम.एस्सी. होऊन सहा महिने झाले, तसा तोही वैतागला. "या महिन्यात नोकरी नाही लागली, तर सिरुसेरीत सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या कोर्सला नाव घालायचं. चालेल?"

"चालेल," म्हणाले खरी. पण घरात बसवेना, बाहेर करमेना.

* * *

आणि महिना संपायच्या आदल्या दिवशी एका पर्यावरण कन्सल्टन्सीचा फोन आला. साहेब स्वतः मला साइटवर घेऊन गेले. तिथे घरांचे टॉवर उभे राहायचे होते. मोकळा, हिरवागार प्लॉट. साहेबांनी गाडी थेट गवतात घातली, बंद केली आणि तयार रिपोर्ट माझ्या मांडीवर ठेवला.

'सदर जागेवर पाणथळ क्षेत्र आढळले नाही.' खाली तज्ज्ञाच्या सहीसाठी जागा. माझ्या!

"पण सर, मी अजून खाली उतरलेसुद्धा नाही."

"उतरायचं काय त्यात? कोरडी जमीन आहे. सही करा, उद्यापासून जॉइन व्हा."

बाहेरचं गवत मी ओळखलं होतं. ते पाण्यातच वाढतं. पण दादाचं तोंडही डोळ्यांसमोर होतं. सांगायला लाज वाटते, मी पेनचं टोपण काढलं.

तेवढ्यात गाडी माझ्या बाजूला कलली. साहेबांनी घाईने स्टार्टर मारला, ॲक्सिलरेटर दाबला. चाकं जागच्या जागी फिरली, चिखल काचेवर उडाला आणि आम्ही आणखी वीतभर खाली गेलो. दार उघडलं तर पाणी आत!

साहेबांनी घाम पुसत क्रेनवाल्याला फोन लावला. स्पीकरवर आवाज आला, "सर, गाडी नक्की कुठे आहे?"

"तळ्यात!" साहेब ओरडले. "अहो, तळ्याच्या मधोमध!"

मी पेनला टोपण लावलं.