बिनओझ्याचा छकडा

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. घरात सगळे म्हणायचे, याच्या नाकावर माशी बसत नाही. खरं आहे. पण त्या हिवाळ्यात मी जेवढा तापलो तेवढा जन्मात कधी तापलो नाही, आणि कारण होता एक छकडा.

आम्ही माळी. अमरावतीच्या बाहेर आमचा मळा, त्यात वांगी, मेथी, शेवंती आणि झेंडू. पण बाबांना लोक ओळखायचे ते शंकरपटामुळे. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होतं, आणि संक्रांतीपासून होळीपर्यंत गावोगाव बैलांच्या शर्यती चालायच्या. दोन बैल, मागं हलका छकडा, त्यावर कासरा धरून बसलेला धुरकरी आणि शेवटच्या खुणेशी घड्याळ घेऊन उभा असलेला पंच. बाबा आमच्या जोडीचे धुरकरी. जोडी नामी होती, बाबांचा हात नामी होता, तरी गेली सात वर्षं अकोल्याकडचा एक जोडीवाला आमच्या पुढं जायचा. फरक किती, तर पापणी लवेल एवढा! बाबा घरी येऊन बैलांना पाणी पाजायचे आणि दोन दिवस कोणाशी बोलायचे नाहीत.

दिवाळीनंतर एकदा ते म्हणाले, "आता जमत नाई गा. हा हंगाम शेवटचा. मंग कासरा तुह्या हाती."

मी तेव्हा बावीस वर्षांचा. मनात म्हटलं, या माणसानं एकदा तरी त्या अकोलेवाल्याला मागं टाकल्याशिवाय कासरा खाली ठेवायचा नाही. बैल बदलायचे नव्हते. बदलायचा होता छकडा.

अमरावतीत एका वकिलांच्या घरी मी पूजेची फुलं पोचवायचो. त्यांच्याकडं इंग्रजी पेपर यायचा. त्यात एकदा शर्यतीच्या मोटारीचं चित्र होतं. बुटकी, अरुंद, चार चाकं आणि आत एक माणूस, बाकी काही नाही. वकीलसाहेब म्हणाले, "शर्यतीला जे लागत नाही, ते काढूनच टाकतात." हे वाक्य माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. मॅट्रिकपर्यंत माझं ड्रॉइंग चांगलं होतं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी छकडा काढला. चाकं बारीक, दांड्या सागाच्या जागी वेळूच्या, बसायला हातभर फळी. धुरकऱ्यानं पाय अडकवायची जाड आडवी पट्टी होती, ती मला उगाच जड वाटली. तीही काढली.

आमच्या वाढयानं, म्हणजे सुतारानं, कागद उलटासुलटा करून पाहिला. "हे चाक हाये का पापड?"

"तुमी करा तर!"

"करतो बाप्पा. पन मोडलं तर माहं नाव सांगू नोको."

पंधरा दिवस मी त्याच्या डोक्यावर बसून एकेक लाकूड रंधून घेतलं. छकडा तयार झाला तेव्हा मी तो एकट्यानं उचलला. मळ्याबाहेरच्या पडीक वावरात मी स्वतः बैल पळवून पाहिले, तर मागं काही जुंपलंय हे त्यांना जणू माहीतच नव्हतं. मी हरखलो. बडनेरा, मूर्तिजापूर, दर्यापूर आणि शेवटी अकोला, असे चार पट मी मनातल्या मनात जिंकूनही टाकले.

संध्याकाळी बाबा छकड्याभोवती फिरले, फळीवर बसले, उतरले. "पाय कोठी टेकवाचा?" त्यांनी विचारलं.

"टेकवाची गरजच नाई. वजन समोर राह्यते, पाहजा तुमी."

"बरं," ते म्हणाले आणि बैलांकडं गेले.

मग घरच्यांनी सुरुवात केली. मायनं जुवाला घुंगरांची माळ बांधली. मी सोडली. दुसऱ्या दिवशी परत बांधली. "बिनघुंगराची गाडी काय मसनात न्याची हाये?" आत्यानं लिंबू-मिरच्या टांगल्या, काळी बाहुली टांगली, शेजारच्यांकडून फाटकं खेटर मागून आणून आसाला बांधलं. वाढयानं तर न विचारता दांड्यांवर पितळेची फुलं ठोकली. मी वजन कमी करावं म्हणून पंधरा दिवस तासून घेतलं आणि यानंच ठोकावं!

"शोभा नोको काय?" तो म्हणाला.

मी आत्याला म्हटलं, "आत्या, नजर काय वजनानं अडते?"

"दोन बुकं काय शिकला, मलेच शिकवून राह्यला! गाडी उलटली मंग कोनाले पुसशीन?"

काय डोकं फोडायचं! एक काढावं तर दोन चढायची. सगळ्यांची माया, मान्य आहे. पण मायेलाही वजन असतं हे या लोकांना कोणी सांगावं? रात्री जेवताना मी ताटावरून उठलो, तरी कोणी हटलं नाही.

बडनेऱ्याच्या पटाला आम्ही पोचलो तेव्हा छकड्याची पार वरात झाली होती. आत्यानं निघता निघता झेंडूचे हार गुंडाळले होते, चांगले मनगटाएवढे जाड. समोर अकोलेवाल्याचा छकडा उभा होता, साधा आणि कोरडा. माझं टाळकं सणकलं. बाबा बैलांना घेऊन हौदावर गेले होते. मी विळा काढला आणि कापत सुटलो. हार कापले, घुंगरं कापली, बाहुली, लिंबू, खेटर, सगळं फेकलं. पितळेची फुलं उपटली. खाली डाव्या दांडीला सुतळीचा एक फास होता, वर जुन्या धोतराची पट्टी गुंडाळलेली. म्हटलं, हा आत्याचा आणखी एक तोडगा. तोही कापला.

आमची पाळी आली. बाबा आले ते थेट फळीवर चढले, पाय नीट टेकायच्या आतच पंचानं इशारा केला आणि जोडी उधळली. असा छकडा मी जन्मात पळताना पाहिला नाही. मी ओरडत होतो, माझा मलाच आवाज ऐकू येत नव्हता. अर्ध्यावर जमिनीत थोडा उंचवटा होता. छकडा उडाला, आणि बाबा हवेत दिसले. मग दिसले नाहीत.

बैल मात्र थांबले नाहीत. रिकामा छकडा घेऊन ते खुणेपार गेले. पंचानं घड्याळ पाहिलं आणि वेळ पुकारली. अकोलेवाल्यापेक्षा कमी! सगळं मैदान ओरडलं. मग पंच म्हणाला, धुरकऱ्याविना आलेली जोडी धरत नाहीत.

बाबांना बाभळीखाली निजवलं. खांद्याचं हाड मोडलं होतं. त्यांनी डोळे उघडून पहिलं काय विचारलं? "दोरी कोठी गेली?"

"कोनती दोरी?"

"डाव्या दांडीले म्या बांधली होती, पाय अडकवाले. डाव्या पायात जोर नाई राह्यला आता. चार लोकांत काय सांगू?"

मला इतका संताप आला की मी पडलेल्या माणसावर ओरडलो, "मंग मले सांगतलं काहून नाई?"

"इचारलं होतं ना तुले, पाय कोठी टेकवाचा म्हनून."

लाज वाटली, आणि स्वतःचा असा राग आला की तो काढायला जागा नव्हती. तो खांदा पुढं कधी नीट वर गेला नाही. त्यांचा हंगाम तिथंच, पहिल्याच पटात संपला.

तेवढ्यात अकोलेवाला आला. बाबांजवळ बसला, खांदा पाहिला, हळहळला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "छकडा कोनं केला? माप देता काय?"

मी तोंड फिरवलं. बाबा म्हणाले, "दे त्याले. आन् दोरी बी सांग, नाई तर तो बी पडन."

मी एकेक माप सांगितलं, चाकाचं, आसाचं, दांडीचं, सगळं तोंडपाठ. दोरीपाशी आलो आणि अडलो. ती दांडीवर कुठं बांधायची, मला ठाऊक नव्हतं. मी खाली बसलो आणि बाबांना विचारलं. त्या छकड्याबद्दल मी त्यांना विचारलेली ती पहिली गोष्ट.