पिठातल्या ओळी

औशात आमच्या गल्लीच्या तोंडाशी गिरणी आहे. दळण होईपर्यंत गिरणीवाली मावशी डब्याच्या झाकणावर पीठ पसरून बोटानं काहीतरी लिहायची आणि दळण संपलं की हातानं पुसून टाकायची. एकदा मी चोरून वाचलं. तिच्या वारलेल्या लेकीवरची ओवी होती.

"वहीत लिहा की मावशी," मी शहाणपणा केला.

"माय जात्यावर गाऊन मोकळी व्हायची. हितं गिरणीच्या आवाजात गाणं कुठं ऐकू येतंय? म्हून लिहिते. ठेवायला न्हाई बाबा, हलकं व्हायला."

आई गेल्यावर पहिलं दळण मीच नेलं. मावशीनं माझ्यापुढं झाकण सरकवलं, त्यावर मूठभर पीठ पसरलं आणि पाठ फिरवून गिरणीचा पट्टा उगाच बघत उभी राहिली.