एकशे बारावा रिबाउंड

बाटल्यांच्या कारखान्यात काचवाले सव्वीस वर्षं उजेडाच्या एका पडद्यासमोर बसले. पट्ट्यावरून रिकाम्या बाटल्या सरकत जायच्या, मागून पांढरा उजेड पडायचा, आणि तडा गेलेली बाटली दिसली की ती मानेला धरून उचलायची. मिनिटाला साठ बाटल्या. पेंगायला किंवा गप्पांना सवड नाही. निवृत्तीच्या दिवशी सोबतचे म्हणाले, "जन्म बाटलीसमोर काढला आणि थेंब चाखला नाही, असा माणूस हा एकटाच." काचवालेही हसले.

डोळे शाबूत होते, म्हणून बास्केटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये नोंदीच्या टेबलावर त्यांना जागा मिळाली. काचेच्या बाटल्या तपासणारा म्हणून काचवाले हे नाव तिथेच पडलं.

या टेबलावर जोडीने बसतात. एकाने मैदानावरची नजर काढायची नाही. चेंडू कुणी टाकला, कुणी अडवला, आणि नेम हुकल्यावर उसळून आलेला चेंडू, म्हणजे रिबाउंड, कुणी धरला, ते नंबर ओरडून सांगायचं. दुसऱ्याने मान वर करायची नाही. ऐकायचं आणि टाइप करायचं. काचवाले ओरडत, त्यांची सून टाइप करी. घरात सासऱ्याचा चढलेला आवाज ऐकून घेणारी ती नव्हे. टेबलावर मात्र दोन तास निमूट ऐके.

"ओरडून घ्या बाबा," ती म्हणे. "घरी गेल्यावर माझी पाळी."

त्या वर्षी हंगामाअखेरचे प्ले-ऑफ सामने सुरू झाले तसा लीगने एक नियम काढला. प्रत्येक जोडीला सगळ्या प्ले-ऑफमध्ये चुकलेल्या नोंदीच्या दोनच दुरुस्त्या माफ. तिसरी झाली की उरलेल्या सामन्यांतून जोडी बाद. चूक आपणहून सांगितली तरी ती मोजायची. उपांत्य फेरी येईतो यांच्या दोन झाल्या होत्या, एक त्यांची, एक तिची. तरी अंतिम सामन्याचं टेबल याच जोडीला मिळालं. सुनेने त्याच दिवशी माहेरी फोन करून सांगून टाकलं.

उपांत्य सामना दुपारचा होता. यजमान संघाचा उंच पंधरा नंबर प्ले-ऑफच्या रिबाउंडच्या यादीत दुसरा होता. त्याच्या वरचा खेळाडू एकशे अकरावर थांबलेला, कारण त्याचा संघ आदल्या दिवशीच बाहेर पडला होता. तिसरा खूप मागे. सामना संपत आला, पंधराचेही एकशे अकरा झाले होते, यजमान हरणार हे दिसत होतं, तेवढ्यात नेम हुकला आणि बास्केटखाली पंधरा नंबर उडाला. त्याच्याबरोबर ठेंगणा आठ नंबरही उडाला.

"पंधरा, रिबाउंड!" काचवाले ओरडले.

सुनेने टाइप केलं. पंधरा नंबरचे एकशे बारा झाले. त्यानंतर दोन मिनिटांत सामना संपला, यजमान हरले, प्रेक्षक उठले, झाडूवाले खुर्च्यांच्या रांगांत शिरले.

काचवाले जागचे हलले नाहीत.

"चला बाबा. सही करा. बस जाईल."

"तो पंधराचा नव्हता."

"कोणता?"

"शेवटून दुसरा. चेंडू आठच्या हातात आला. पंधराचं बोटसुद्धा लागलं नाही."

सुनेने आधी मागे पाहिलं. नोंदप्रमुख दाराशी कुणाशी तरी बोलत होते. मग ती हळूच म्हणाली, "दोघं एकाच संघाचे. बेरीज जुळते. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"नाहीच कळणार."

"मग झालं तर! दिवसभर गर्दी, आवाज. होतं माणसाकडून."

"गर्दीमुळे झालं नाही. मी पाहिलंच नाही. उडाला की तोच धरतो, दहा सामने तेच चाललंय, म्हणून चेंडू खाली यायच्या आत बोलून मोकळा झालो. आळस केला मी."

"आणि तुमच्या आळसापायी मी अंतिम सामना घालवू?"

काचवाल्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं. हिच्या बोटांनी ऐकलं ते लिहिलं. तिचा काही दोष नसताना फळ तिलाच भोगायचं होतं. सही केली की तिचं काम राहणार होतं. पण मग यादीत पंधरा नंबर एकटाच वर राहणार होता, आणि ते त्याने कमावलेलं नव्हतं. बाहेर पडलेला तो दुसरा, कुठल्या तरी गावी बॅग भरत असेल, त्याने एकशे अकरा धरले होते. एकूणएक धरले होते.

ते उठून नोंदप्रमुखांकडे गेले. सामन्याची चित्रफीत पाहिली गेली. आठ नंबरच.

नोंदप्रमुखांनी कपाळाला हात लावला. "काचवाले, हे मला सांगायलाच हवं होतं का? नियम माझ्याच सहीने निघालाय."

"मग मला बाद करा. मुलीला नका करू. तिने काय चुकवलं?"

"नियमात जोडी लिहिलंय."

"जोडीतला एक झोपला तर दुसऱ्यालाही झोपलेला धरायचं? कारखान्यात असं कुणी केलं असतं तर आम्ही पट्टा बंद केला असता."

नोंदप्रमुखांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी दुरुस्तीच्या कागदावर एकच नाव लिहिलं, काचवाल्यांचं.

बसमध्ये सून खिडकीकडे तोंड करून बसली. अर्ध्या वाटेवर काचवाले म्हणाले, "तू जा. ओरडायला दुसरा देतायत."

"जाणारच आहे. तुमच्यासोबत घरी बसून सुतक पाळू की काय?"

"आणि मी काय करू?"

"सासूबाईंना मदत करा. आयुष्यात एकदा."

अंतिम सामना संपवून ती घरी आली तेव्हा काचवाले दारातच उभे होते. तिने चपला काढल्या, पाणी प्यायली, मग म्हणाली, "एकही दुरुस्ती नाही."

"आणि तो माणूस?"

"हळू बोलतो. कानात ओरडत नाही. दोनदा विचारावं लागलं, पण बघून सांगतो."

शेवटचे शब्द काचवाल्यांना लागले. ती सहज बोलली नव्हती, हे त्यांना कळलं.

"यादी लागली?"

"लागली. एकशे अकरा, दोघांचे. दोन्ही नावं एकाच ओळीत." ती आत जायला वळली आणि थांबली. "पुढच्या हंगामाला कुणासोबत बसणार, विचारलंय मला."

"मग काय सांगितलंस?"

"विचार करते म्हटलं," सून म्हणाली आणि आत गेली.

काचवाले तिथेच उभे राहिले. तिने लगेच त्यांचं नाव सांगितलं नाही, हे रास्त होतं.