उतरायला जागा

अमेरिकेत इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगू शकतो. विमानांच्या वाटांबद्दल माझ्या साडूंना जेवढी माहिती आहे तेवढी या देशात फार थोड्यांना असेल, आणि विमानात त्यांच्याइतका कमी बसलेला माणूस आमच्या मराठी मंडळात दुसरा सापडणार नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईचे, यजमान. आम्ही पार्सिपनीला राहतो, ते वेस्ट विंडसरला. नागपूरहून शिकायला म्हणून आले, रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली, एका प्रयोगशाळेत जन्म काढला आणि आता रिटायर होऊन घरी आहेत. एवढ्या वर्षांत भारतात गेले ते मोजून चार वेळा. त्याचं कारण भीती आहे असं कुणी म्हटलेलं त्यांना चालत नाही. त्यांचं म्हणणं असं, की विमानात प्रवाशाला जी खिडकी मिळते ती बाजूची. समोरचं काही दिसत नाही. ज्या वाहनातून पुढचा रस्ता दिसत नाही त्यात शहाण्या माणसाने होता होईल तो बसू नये.

ज्यांना रस्ता दिसत होता त्या जुन्या वैमानिकांवर मात्र त्यांचा भारी जीव. शंभरेक वर्षांपूर्वी टपालाच्या पिशव्या घेऊन उडणारी ती माणसं. रेडिओ नाही, रडार नाही. खाली वाकून रेल्वेचे रूळ आणि नद्या बघत जायचं. त्यांच्यासाठी सरकार छापील पत्रकं काढत असे. अमुक गावाबाहेर अमुक शेत, लांबी इतके फूट, पावसानंतर चिखल, पूर्वेला विजेच्या तारा, सकाळी गायी चरतात, टेलिफोन वाण्याच्या दुकानात. गावांना सांगितलं जाई, की मोठ्यातल्या मोठ्या छपरावर गावाचं नाव रंगवा, म्हणजे चुकलेल्याला वरून वाचता येईल. डोंगरांवर लोखंडी मनोरे उभारून त्यांवर फिरते दिवे बसवलेले असत. जुन्या वस्तूंच्या बाजारांतून आणि लोकांच्या गॅरेज सेलमधून साडूंनी अशी पत्रकं गोळा केली आहेत, दोन सुटकेस भरून. रोज सकाळी ताई चहा ठेवते तेव्हा ते त्यातलं एखादं पोथीसारखं मोठ्याने वाचतात. आपल्या चुलतभावंडांच्या मुलांची नावं एकवेळ चुकतील, पण ओहायोतल्या कुठल्या शेतकऱ्याच्या कुंपणाला कोणत्या दिशेला फाटक होतं ते मी झोपेतही सांगेन, असं ताई म्हणते.

हे वाचन त्यांच्या अंगात इतकं मुरलं, की त्यांचं स्वतःचं लिहिणं-बोलणंही तसंच होऊन गेलं. त्यांच्याकडे सत्यनारायण असला की बाकीचे लोक नुसता पत्ता पाठवतील. साडू पत्रक पाठवतात. "हायवेच्या एक्झिटनंतर पाण्याची टाकी उजवीकडे ठेवा. चर्चचा पांढरा मनोरा दिसला की वेग कमी. ड्राइव्हवेला उतार, बर्फ असल्यास गाडी रस्त्यावरच लावावी. शेजारी कुत्रा, आवाज मोठा, स्वभाव बरा." लोक हसतात, फोनमध्ये पत्ता घालून येतात, आणि बर्फातल्या उतारावर एखाद-दुसरी गाडी हमखास घसरते. एका वर्षी मंडळाच्या गणपतीसाठी शाळेचा हॉल घेतला होता. साडूंनी आदल्या दिवशी जाऊन हॉलची पाहणी केली आणि दारावर कागद चिकटवला, की पश्चिमेच्या दारात एक पायरी आहे, ती दिसत नाही. आमच्या अध्यक्षांनी तो कागद सगळ्यांना वाचून दाखवला, त्यावर एक विनोदही केला, आणि आरतीचं ताट घेऊन त्याच दारातून आत येताना ते त्याच पायरीवर आडवे झाले. ताट साडूंनीच वरच्यावर झेललं. मग कागद काढून त्यावर पायरीची उंची लिहिली आणि परत चिकटवला.

मध्यंतरी त्यांनी गॅरेजच्या छपरावर गावाचं नाव पिवळ्या रंगात रंगवलं, दोन-दोन हात उंच अक्षरांत. सोबत जवळच्या विमानतळाच्या दिशेने बाण. वस्तीच्या कमिटीकडून पत्र आलं, मग एक बाई स्वतः आल्या. त्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं, की आज याचा उपयोग कुणाला? साडू म्हणाले, हरवलेल्याला. बाई म्हणाल्या, हल्ली कुणी हरवत नाही. यावर साडूंनी त्यांना बसवून चहा दिला आणि तासभर ते कोण कोण हरवलं होतं ते सांगत राहिले. छप्पर शेवटी पुन्हा करडं करावं लागलंच, पण त्या बाई दर दिवाळीला चकल्या न्यायला येतात.

हे सगळं हसण्यावारी चाललेलं असताना त्यांच्या मुलीने, सईने, विमान शिकायला घेतलं. सई इथेच जन्मलेली. बापाच्याच पावलावर पाऊल टाकून प्रयोगशाळेत लागली होती, पण शनिवार-रविवारी गुपचूप एका छोट्या विमानतळावर जायची. ताईला माहीत होतं, मला माहीत होतं, साडूंना सोडून सगळ्यांना माहीत होतं. लायसन हातात आल्यावर तिने जेवणाच्या टेबलावर सांगून टाकलं. साडूंनी पोळी खाली ठेवली. पहिला प्रश्न विचारला तो विमानाचं वय काय. दुसरा विचारलाच नाही. चार-पाच दिवस घरात सकाळचं वाचन बंद होतं. ताईचा मला फोन आला, की जरा येऊन बघा, यांचं काही खरं दिसत नाही.

मी गेलो तर साडू नकाशा पसरून बसले होते. डेलावेअर नदीपासून पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांपर्यंत सई ज्या बाजूने उडणार त्या पट्ट्यावर पेन्सिलीने गोल केलेले होते. म्हणाले, "साडूभाऊ, उद्या रविवार आहे. गाडी काढा." त्यानंतरचे सहा रविवार आम्ही दोघं शेतं बघत हिंडलो. इंजिन बंद पडलं तर विमान कुठे उतरवता येईल, ही त्यांची पाहणी होती. शेताच्या कडेला गाडी लावायची, घरी जाऊन परवानगी मागायची, मग हे पावलं मोजत निघायचे आणि मी मागून वही धरून. सत्तरीला टेकलेला माणूस कापणी झालेल्या मक्याच्या धसकटांतून असा चालायचा, की जणू त्यावर पुढची पिढी अवलंबून आहे. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने बराच वेळ आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, की मुलगी काही अडचणीत आहे का? साडू म्हणाले, नाही, नुकतीच शिकली आहे. म्हाताऱ्याने मान हलवली, टोपी घातली आणि आमच्याबरोबर चालायला लागला. शेताच्या मधोमध त्याने गवत बाजूला करून पाण्याचा एक चर दाखवला. कुठल्याही नकाशात तो नव्हता. म्हणाला, माझा ट्रॅक्टर यात दोनदा गेलाय, तिला सांगा उत्तरेच्या अर्ध्यातच उतर. साडूंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि परतीच्या वाटेवर मला तीन वेळा वाचून दाखवलं.

सहाव्या रविवारनंतर चाळीस पानांची वही तयार झाली. अक्षर सुरेख, आकृत्या पट्टी धरून काढलेल्या. त्यांनी ती सईच्या हातात दिली तेव्हा मी तिथे होतो. तिने पानं उलटली, अजून उलटली, आणि तिचा चेहरा बदलला. म्हणाली, हे सगळं माझ्या टॅबलेटवर आहे, आणि नसलं तरी मला शिकवलंय.

"बाबा, मी कुठे कुठे पडू शकते याची फोर्टी पेजेस लिहिलीत तुम्ही. यू डोन्ट ट्रस्ट मी."

साडू म्हणाले, "पडू शकतेस असं नाही लिहिलेलं. उतरू शकतेस असं लिहिलंय."

ती वर गेली. वही टेबलावरच राहिली. त्या आठवड्यात बापलेकीचं बोलणं मिठाची बाटली इकडे द्या, याच्यापुढे गेलं नाही. मग एके सकाळी वही टेबलावरून नाहीशी झालेली ताईला दिसली. कुणी उचलली ते तिने विचारलं नाही, आणि साडूंनीही नाही.

पुढे महिनाभराने सईनेच विषय काढला. पेनसिल्व्हेनियात एका डोंगरावर त्या जुन्या दिव्यांपैकी एक मनोरा अजून उभा आहे. दिवा गेला, लोखंड राहिलं. तो वरून बघायचा ही साडूंची कित्येक वर्षांची इच्छा, पण विमानात बसायचं नाही म्हणजे ती इच्छा तशी सुरक्षित होती. सई म्हणाली, मी नेते, माझ्या शेजारी बसा, पुढची काच सगळी तुमची. आता कारण उरलंच नाही. साडूंनी दोन दिवस घेतले. मग मला सांगितलं, की तुम्ही मागे बसणार असाल तर येतो. माझं वजन विमानाच्या हिशेबात बसतं का हे त्यांनी सईकडून दोनदा तपासून घेतलं.

ते चार सीटचं विमान म्हणजे आमच्या पहिल्या जुन्या गाडीहूनही अरुंद. साडूंनी पट्टा आवळला, हेडफोन लावला, दोन्ही हात मांडीवर ठेवले. चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते, ते मला काचेत दिसलं. नदी आली तेव्हा उघडले. आणि मग हा माणूस बोलायला लागला. कधीही वरून न पाहिलेली जमीन तो ओळखत होता. हे लाल कोठार, इथे आपल्याला लिंबू सरबत दिलं. ही तारांची रांग. हे म्हाताऱ्याचं शेत, चर दिसत नाही बघा, मी म्हटलं नव्हतं? सई हसत होती. माझे गुडघे हनुवटीला लागले होते आणि तरी मला वाटलं, की याहून चांगल्या जागी मी आजवर बसलेलो नाही.

डोंगर जवळ आले तसं समोरचं धूसर झालं. माथ्यावर ढग होते. निघताना हवामानाच्या अंदाजात नव्हते, पण आता होते. सईने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, आपण परत फिरतोय. मनोरा दहा मिनिटांवर होता. साडू पुढे झुकले. खालून फट दिसतेय, म्हणाले, जरा खाली घेतलं तर जमेल, दहाच मिनिटं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पायऱ्या मोजलेला माणूस हे बोलत होता. मागच्या सीटवरून मी सईकडे बघितलं, कारण बापाचा शब्द मोडणं आमच्या घरांत इथे जन्मलेल्यांनाही सोपं जात नाही.

सईचा आवाज मात्र शांत होता. "बाबा, पान एकतीस. 'डोंगरावर ढग टेकले असतील तर परत फिरा. जवळ आलो आहोत हे कारण धरू नका.'"

विमान डावीकडे वळलं. साडू पुन्हा सीटला टेकून बसले. मग हेडफोनमधून त्यांचा आवाज आला, "बरोबर आहे." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "वाचलीस तर वही." सईने मान हलवली. तिचं लक्ष समोर होतं.

त्यानंतर मनोऱ्याला जायचं ठरत राहिलं आणि राहत गेलं. कधी ढग, कधी माझी पाठ, कधी सईची पुढच्या लायसनची परीक्षा. तिने प्रयोगशाळा सोडली आणि पार तिकडे वॉशिंग्टन राज्यात, रेडमंडपासून तासाभरावर, लहान विमानांतून सामान नेण्याचं काम धरलं. तिथे पाऊस, डोंगर, आणि डोंगरांपलीकडे अजून डोंगर. तिला नूअर्कच्या विमानतळावर सोडायला आम्ही दोघं गेलो. बॅगा उतरवल्या, तिने वाकून नमस्कार केला, मिठी मारली. साडूंनी खिशात हात घातला तेव्हा मला वाटलं, आता काहीतरी लिहिलेलं निघणार. निघाला तो रुमाल.

गाडीत बसल्यावर मी विचारलंच, की या वेळी काही लिहून नाही दिलंत?

"तिकडची जमीन मी पाहिलेली नाही," ते म्हणाले.

परतताना माझं लक्ष नव्हतं, मी भलताच एक्झिट घेतला. साडू समोर बघत होते. वाट चुकल्याचं त्यांनी दाखवून दिलं नाही. मीही गाडी वळवली नाही. त्या अनोळखी रस्त्याने आम्ही दोघं बराच वेळ तसेच जात राहिलो.